झिपरूचा डावा पंजा

फार पूर्वी अस्वलं कडुलिंबाच्या काडीनं दात घासत. घासायचे ते उजव्याच पंज्यानं, अशी त्यांची रीत होती. झिपरू नावाच्या पिल्लाच्या उजव्या पंज्यातली काडी मात्र कधी नाकात जाई, कधी हिरडीत टोचे. त्यानं ती डाव्यात घेतली की आई फटका मारी.

एका सकाळी झिपरू किडलेली दाढ धरून कण्हत बसला.

"काडी घे म्हणते ना! उजव्यात!" आई ओरडली.

कडुलिंब संतापानं सळसळला. "फटक्यांनी हाताला वळण लागतं का, बाई? रोज माझी डहाळी मोडतेस, पण काडी याच्या दाढेपर्यंत पोचत नाही. झिपरू मध कुठल्या पंज्यानं काढतो?"

"डाव्यानं."

"मग तो मध चाटताना कुठे जाते तुझी रीत?"

आईनं काडी झिपरूच्या डाव्या पंज्यात दिली आणि त्यावर आपला पंजा धरला. चुकतमाकत काडी दाढेपर्यंत पोचली.

तेवढ्यात शेजारच्या गुहेतले म्हातारे मामा आले. "अगं, डाव्यानं?"

"मामा," आई गुरगुरली, "तुमच्या तोंडात एकच दात उरलाय. तो सांभाळा."