रखमाजीचा मानाचा भोपळा

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा शेतकरी राहायचा. गाव इतकं थंड, की हिवाळ्यात गवतावरचं दव गोठून पांढरं व्हायचं. गावदेवीच्या मार्गशीर्षातल्या जत्रेला घारगे लागत, आणि त्यासाठी दर साली एका घरच्या भोपळ्याला मान मिळे. यंदा पहिल्यांदाच तो मान रखमाजीच्या घरी आला. बायको हौसा हरखून गेली. माहेराहून आणलेल्या सात बिया तिने नवऱ्याच्या हाती दिल्या आणि बजावलं, गवतावर पांढरं दिसतंय तोवर लावायच्या नाहीत.

रखमाजी आपला जेवून, पान खाऊन भर दुपारी बघायला गेला. पांढरं कुठेच नव्हतं. चार बिया लावल्या, चारही थंडीने कुजल्या.

शेजारचे कोंडिबातात्या म्हणाले, "अरे शहाण्या, पहाटे बघायचं असतं. आणि रोपं आली की थंडीत घोंगडी घालायची, ऊन आलं की काढायची."

हे पटलं. फाल्गुनात पांढरं पडायचं थांबलं, उरलेल्या तीन बिया लावल्या, तिन्ही उगवल्या. तेवढ्यात हौसाला हुडहुडी भरून ताप आला. ती घोंगडीत गुरफटून पडली होती. दारातून ऊन आत आलं, तशी रखमाजीने घोंगडी ओढून घेतली. तिने कण्हत सांगितलं, अंग तापलं असताना पांघरूण काढू नये हो.

हेही त्याने डोक्यात ठेवलं. चैत्रात रोपांना हात लावून बघितला, तर पानं तापलेली. मग चार दिवस त्यांच्यावरची घोंगडी काढलीच नाही. दोन रोपं आतल्या आत उकडली. तिसरं घोंगडीच्या भोकातून बाहेर आलं म्हणून वाचलं.

त्या वेलाला भाद्रपदात एकच भोपळा धरला. हौसाचा सगळा जीव त्या भोपळ्यात. तात्या पुन्हा सांगायला हजर. सांगायला काय लागतं? "शेतात पांढरं दिसलं रे दिसलं, की भोपळा तोडून घरात आण. नाहीतर नासेल."

आश्विनात रिवाजाप्रमाणे पंच मानाच्या भोपळ्याला हळदकुंकू वाहायला आले. पांढरी धोतरं, पांढरे फेटे. बांधावर पांढरं दिसताच रखमाजी धावला, विळ्याने भोपळा तोडला नि घरात नेऊन ठेवला.

हौसा रडायलाच लागली. पंचांनी भोपळ्यावर टिचक्या मारल्या, माना हलवल्या. थोरले पंच म्हणाले, "कोवळा आहे रे. अजून दोन महिने वेलावर राहायला हवा होता."

"एवढंच ना?" रखमाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने सुतळी आणली, भोपळा परत वेलाला घट्ट बांधला, वर घोंगडी घातली आणि पंचांना हात जोडले.

"आता जत्रेलाच या. फक्त येताना पांढरं घालू नका."