हरिणीचं गाणं

मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. हरवलेल्या पाडसाला शोधणाऱ्या हरिणीचं एक गाणं तिथे सगळ्यांच्या तोंडी होतं.

बायका ते जात्याच्या लयीवर म्हणत. धनगर रानात लांब हाळी दिल्यासारखं म्हणत. दरबारचा म्हातारा गवई तर त्यातला ‘ये’ हा एकच शब्द असा काही आळवी, की ऐकणाऱ्यांना समोर रान दिसे.

एका जत्रेत खरं गाणं कोणाचं यावरून धनगर आणि गावकरी हातघाईवर आले. राजा संतापला. “आजपासून हे गाणं गवईबुवा गातात तसंच गायचं. बाकी सगळं चूक!”

गवई म्हणाला, “महाराज, असा हट्ट बरा नव्हे.” राजानं ऐकलं नाही.

गवयासारखं गाणं कोणाला जमणार? लोकांनी गाणंच सोडलं. जाती मुकी झाली, रानंही गप्प झाली.

पुढे राजाची लहानगी मुलगी तापानं फणफणली. वैद्य म्हणाले, “हिला झोप लागली, तरच उतार पडेल.” पण डोळ्याला डोळा लागेना. “हरिणीचं गाणं म्हणा ना,” तिनं हट्ट धरला.

राजानं गवयाला बोलावलं. गवई जीव ओतून गाऊ लागला. हरिणी रान तुडवत होती, हाका मारत होती.

“पाडस सापडलं का?” मुलीनं विचारलं.

“शेवटच्या कडव्यात सापडतं, बाळ.”

ती रडायलाच लागली. दाराशी कोंडाई दाई पदराशी चाळा करत उभी होती. राजाचं लक्ष गेलं. “कोंडाई, तू म्हण.”

“माझं चुकीचं आहे, महाराज. तुमचीच आज्ञा आहे.”

“मला चुकीचंच हवं!” मुलगी हुंदके देत म्हणाली.

राजानं मान खाली घातली. “म्हण, कोंडाई. मी सांगतो ना.”

कोंडाईनं मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या गाण्यात पाडस पहिल्याच कडव्यात सापडे. मग हरिणी त्याला चाटे, दूध पाजी, कुशीत घेई. आवाज थोडा घोगराच होता. पण दुसरं कडवं संपायच्या आत मुलगी झोपली.

“पहिल्याच कडव्यात कसं गं सापडतं?” राजानं हळूच विचारलं.

“आजारी लेकराला धीर कुठला, महाराज?”

गवयाचे डोळे पाणावले. “मी हरिणीचं शोधणं गातो. ही तिचं भेटणं गाते. गाणं तेच आहे, महाराज.”

मुलीचा ताप उतरला आणि राजानं आज्ञा मागे घेतली. जाती पुन्हा गाऊ लागली, रानातून हाळी ऐकू येऊ लागली. ‘आमच्याकडे हे असं म्हणतात’ हा वाद काही मिटला नाही, पण आता तो पंगतीला शेजारी बसून, हसत हसत होऊ लागला.

तात्पर्य : ज्याला जशी गरज, तसं त्याचं गाणं; एकाचं खरं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.