लोकर गळ्याला लावून पाहावी

एकदा एक बाई, जे बाळ आता या जगात नव्हते त्याच्यासाठी, लोकर घ्यायला दुकानात गेली.

तिचे बाळ नऊ दिवसांचे होऊन गेले होते. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेले, आठव्या महिन्यातच जन्मलेले, वजनाने दीड किलोही नसलेले. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे करतात. त्याआधी गेलेल्या बाळाला नाव नसते. त्याचे दहावे-तेरावे होत नाही, वर्षश्राद्ध होत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी त्याला मातीत ठेवले, घरी येऊन आंघोळी केल्या आणि तिला सांगितले, "आता त्याचं काही काढू नकोस." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. रीतच तशी होती. पण ज्याला नाव नाही त्याला हाक कशी मारायची, आणि ज्याची तिथी नाही त्याच्यासाठी कोणत्या दिवशी रडायचे, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही.

त्याच गावात एक वृद्ध बाई दुपारच्या वेळी आपल्या ओसरीवर क्रोशाचे विणकाम शिकवीत. सगळ्याजणी त्यांना मावशी म्हणत. मावशींचा एकच नियम होता. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीने विणलेले पहिले पांघरूण गावच्या इस्पितळात, कमी दिवसांच्या बाळांना जिथे ठेवतात त्या खोलीत द्यायचे. अशा बाळांच्या अंगात ऊब टिकत नाही. वैशाखाच्या उन्हाळ्यातही त्यांना गुंडाळून ठेवावे लागते.

त्याच खोलीत, काचेच्या पेटीत, या बाईचे बाळ नऊ दिवस होते.

म्हणून ती मावशींची शिष्या झाली. तिने मनाशी ठरवले की बाळ गेले त्या दिवसाला वर्ष होईल, तेव्हा त्या खोलीतले एखादे जिवंत बाळ आपण विणलेल्या पांघरुणात निजलेले असेल. तेच आपल्या बाळाचे बारसे आणि तेच त्याचे श्राद्ध. हे तिने नवऱ्यालाही सांगितले नाही.

पहिल्याच दिवशी मावशींनी सगळ्यांना सांगितले होते, "लोकर डोळ्यांनी निवडू नका आणि बोटांनीही निवडू नका. गळ्याला लावा. इथे, हनुवटीखाली. लावायची आणि शंभरपर्यंत मोजायचं. आणि साधी घ्या, सारख्या जाडीची, गुळगुळीत पिळाची, फिक्या रंगाची. टाका दिसला पाहिजे आणि चुकला तर उसवता आला पाहिजे."

शिष्यांनी माना डोलावल्या. शिष्या नेहमीच माना डोलावतात.

दुकानदार बोलका होता. त्याने वरच्या फळीवरून एक गुंडा काढला, पांढराशुभ्र, केसाळ, आणि तिच्या हातावर ठेवला. "हात लावून बघा, ताई. सशाचं पिल्लू धरल्यासारखं वाटतंय की नाही?"

खरोखरच तसे वाटले. तिला गळ्याची गोष्ट आठवली. पण दुकानात चार पुरुष उभे होते, त्यातला एक चहाचा पेला हातात घेऊन तिच्याकडेच बघत होता. त्यांच्यादेखत पदर सारून लोकर गळ्याला लावायची आणि डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे? तिला लाज वाटली. तिने दोन बोटांत धागा चोळून पाहिला. इतके मऊ तिने आयुष्यात काही धरले नव्हते.

"ही दुसरी बघा," दुकानदाराने एक साधा पिवळसर गुंडा पुढे सरकवला. "हिला काही रूप नाही, पण धुवा, पिळा, वाळवा, आहे तशी राहते. शिकाऊ बायका हीच नेतात."

"शिकाऊ नको," ती म्हणाली. "हीच द्या."

तिने पाच महिने विणले. दृष्ट लागू नये म्हणून ते काम तिने ओसरीवर कधी आणले नाही. तिथे ती मावशींनी दिलेल्या जाड्या दोऱ्यावर हात बसवी आणि खरे काम घरी करी. नमुना तिने सगळ्यांत अवघड निवडला होता, जाळीचा आणि शिंपल्यांचा. त्या केसाळ लोकरीत टाका दिसत नसे. प्रत्येक घर बोटाने चाचपून शोधावे लागे. डोळ्यांतून पाणी येई, मान धरे. तिला त्याचे वाईट वाटत नसे, उलट बरेच वाटे. जितका त्रास होतो आहे तितके हे खरे आहे, असे तिला वाटू लागले होते.

तिथीला पंधरा दिवस उरले तेव्हा तिने ते पांघरूण मावशींच्या मांडीवर ठेवले.

"अगंबाई! दुधावरची साय आहे की काय!" एक शिष्या म्हणाली. दुसरीने भीतभीत एका बोटाने स्पर्श केला. सगळ्या मावशींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

मावशींनी ते उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी ते आपल्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळले, हनुवटीपर्यंत ओढून घेतले, आणि शेजारणीचा टाका तपासायला घेतला.

चैत्र संपत आला होता. ओसरीवर वाऱ्याची झुळूक नव्हती. पंख्याचा वारा घ्यावा अशा त्या दुपारी, ऐंशी वर्षांची बाई गळ्याला लोकर लपेटून बसलेली पाहून बायकांना हसू आवरेना.

"मावशी, काश्मीरला निघालात की काय?"

"नाही गं, त्यांचा सत्कार आहे. शाल मिळाली, आता नारळ आणा कोणीतरी!"

मावशीही हसल्या, पण पांघरूण काढले नाही. घामाच्या धारा लागल्या तरी काढले नाही. एक-दोनदा त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि त्यांनी तो मुद्दाम खाली घेतला. पांघरूण विणणाऱ्या शिष्येला आधी संकोच वाटला, मग राग येऊ लागला. आपल्या पाच महिन्यांची ही थट्टा चालली आहे असे तिला वाटले. पण ती बसून राहिली. एकेक करून बाकीच्या निघून गेल्या. दिवेलागणीला दोघीच उरल्या तेव्हा मावशींनी पांघरूण सोडले.

त्यांचा गळा लालभडक झाला होता. हनुवटीखाली बारीक पुरळ उठले होते. ओठांवर, नाकाच्या शेंड्यावर, भुवईतसुद्धा पांढरे केस चिकटले होते. त्यांनी जिभेवरचा एक केस दोन बोटांनी काढला आणि तिच्यासमोर धरला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "माझी कातडी जुन्या चपलेसारखी झाली आहे, तरी एका दुपारीत ही दशा. मला टोचलं तर मी खाजवीन. नकोच झालं तर काढून फेकीन. तुझ्या या पांघरुणात जे निजेल, त्याचे हात आत गुंडाळलेले असतील. ते फक्त रडेल. आणि लोक म्हणतील, भूक लागली असेल."

मावशींनी पांघरूण दिव्यासमोर धरले.

"आणि ही जाळी. गव्हाएवढी बोटं असतात त्यांची. एक अडकलं की सुटायचं नाही. तुझ्या हाताला हे मऊ लागलं, त्यात तुझी चूक नाही. भांडी घासून आपली बोटं मेलेली असतात, त्यांना सगळंच मऊ लागतं. म्हणून गळ्याला लावायला सांगते."

"पाच महिने डोळे फोडले मी, मावशी," शिष्येचा आवाज चिरकला. "त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी. बरोबर बोललीस. जे गेलं, त्याला आता काही टोचत नाही, पोरी. आत जे आहे, त्याला टोचतं."

शिष्येने पांघरूण ओढून घेतले. "मग उसवते. सगळं उसवते आणि साधं विणते." तिने शेवटची गाठ सोडली आणि धागा खेचला. दोन टाके सुटले, तिसरा अडला. तिने जोर लावला. केसांत केस गुंतून बसले होते, धागा पुढे सरकेना. आणखी ओढताच तो तुटला. तिने दुसरीकडून पाहिले, तिथेही तुटला. ती वेड्यासारखी ओढत राहिली, आणि मावशींनी तिला थांबवले नाही. ओसरीभर पांढरे तंतू उडाले. शेवटी तिचे हात आपोआप थांबले.

"ही लोकर उसवत नाही," मावशी म्हणाल्या. "जे उसवत नाही ते तसंच ठेवावं. घरी ने. ट्रंकेत ठेव, उघडून बघावंसं वाटलं तर बघ. ते तुझ्या बाळाचं आहे. दुसऱ्याच्या बाळाला त्यात गुंडाळू नकोस, एवढंच."

शिष्येने तुटलेले तंतू गोळा करून पांघरुणात ठेवले. मग तिने विचारले, "हे कधी कमी होतं, मावशी?"

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "माझा दोन वर्षांचा होता. साठ वर्षं झाली. आज असता तर पेन्शनीत निघाला असता. अजून मोजते मी."

दुसऱ्या दिवशी शिष्या पुन्हा दुकानात गेली. चार लोक तेव्हाही उभे होते. तिने तो साधा पिवळसर गुंडा मागून घेतला, पदर बाजूला केला, धाग्याचा वेढा गळ्याला लावला आणि मोजू लागली. दुकानदार आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून तो वळला आणि फळीवरचे गुंडे उगाच नीट लावीत बसला. सत्तरच्या पुढे तिला समोरचे काही दिसेनासे झाले, पण तिने शंभर पुरे केले. धागा टोचला नाही.

विणायला तिला अकरा दिवस लागले. सगळे मुके खांब, म्हणजे साधे आखूड टाके, एकाला एक लागून, कुठे जाळी नाही, कुठे नक्षी नाही. पहिल्या धड्याचे काम. टाका सहज दिसे, सुई सहज जाई, चुकला तर क्षणात उसवे. हात इतक्या सोपेपणाने चालू लागले की तिला भीती वाटली. मध्येच ती थांबे आणि स्वतःला विचारी, माझ्या बाळाची आठवण एवढीच का? पण तिथी जवळ येत होती, आणि ती पुन्हा सुई उचली. मग तिने ते दोनदा गरम पाण्यात धुतले. वाळल्यावर पुन्हा गळ्याला लावून पाहिले.

ठरलेल्या दिवशी तिने ते इस्पितळात सिस्टरांच्या हाती दिले. "कुणाला घालाल?" तिने विचारले.

"आज जे येईल त्याला," सिस्टर म्हणाल्या. त्यांना घाई होती. काचेच्या दाराबाहेरून तिला आतले काही दिसले नाही. ती घरी आली, एकटीच बसली. त्या दिवशी घरात कोणाला काही आठवले नाही.

तीन दिवसांनी तिला राहवले नाही. ती पुन्हा गेली. सिस्टरांनी तिला ओळखले आणि बाकावर बसायला सांगितले. तेव्हाच तिला कळले.

"मुलगी होती," सिस्टर म्हणाल्या. "अकराशे ग्रॅमची. तुम्ही दिलंत त्याच दिवशी संध्याकाळी आली. तुमच्याच पांघरुणात ठेवली होती. काल सकाळी गेली."

व्हरांड्यातून कोणी बादली ओढीत नेत होते.

"फार रडली का हो?" शिष्येने विचारले.

"नाही. गुंडाळलेली बाळं सारखी मान इकडेतिकडे करतात. हिने नाही केली. गाल पांघरुणावर टेकवून निजायची. शेवटीसुद्धा तशीच होती." सिस्टरांनी हातातली वही मिटली. "ते पांघरूण आता परत नाही मिळणार. तिच्या आईने मागून घेतलं. त्यातच ठेवली तिला."

शिष्येने मान हलवली. तिने ज्याची वाट पाहिली होती ते घडले नव्हते. कोणी वाचले नव्हते, आणि वर्षभराचा नवस कुठे पोचला नव्हता. तिचे दुःख सकाळी होते तेवढेच होते. मात्र दोन दिवसांचे एक आयुष्य तिच्या हातच्या कामात राहून गेले आणि त्या कामाने त्याला इजा केली नाही. माणसाच्या हाती याहून जास्त कधीच नव्हते, हे तिला त्या बाकावर बसल्या बसल्या उमगले. त्या उमगण्यात समाधान नव्हते. पण ते खरे होते.

"आत्ता आत किती आहेत?" तिने विचारले.

"सात."

शिष्या उठली. सिस्टर दार ढकलून आत गेल्या. दार मिटण्यापूर्वी आतून एका बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि कोणीतरी म्हणाले, "भूक लागली असेल."

शिष्या दारापाशी थांबली. "सिस्टर," तिने हाक मारली, "त्याच्या गळ्यापाशी काय लागतंय, ते आधी बघा."