चौदावा कप

“आणि तुमचा कप कुठं ठेवलात, अण्णा?”

ऋजुताच्या हातात लाकडी तबक होतं. तबकात विसळून आणलेले तेरा कप होते.

नेमगोंडा अण्णांनी रुमालानं मिशा पुसल्या. “माझा? टाकला की.”

“टाकला म्हणजे?”

“तिकडं, भट्टीमागं. खापऱ्यांचा ढीग हाय न्हवं, त्याच्यावर. नेम धरून टाकला. एका दमात चार तुकडे.”

सांगितलेलं काम चोख उरकून आलेल्या माणसाचा समाधानी चेहरा होता त्यांचा.

ऋजुतानं तबक दाराशी ठेवलं आणि ती भट्टीमागं धावली.

जपानच्या पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या एका लहानशा गावात हानेदा गुरुजींची ही भट्टी. ऋजुता इथं सहा वर्षं शिकली होती. दोन वर्षांपूर्वी ती कराडला परतली आणि गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात तिनं मातीकामाची शाळा काढली. आता ती चौदा मराठी माणसांची सहल घेऊन गुरुजींच्या दारात आली होती. जपानी मातीची भांडी बघायची, ती घडताना बघायची, आणि घडवणाऱ्या हातांना नमस्कार करून परतायचं, अशी ती सहल.

पण तिचं स्वतःचंही एक काम होतं. शाळेच्या दारावर लावायला तिला गुरुजींच्या हातची पाटी हवी होती. तिनं पत्र लिहून मागितली होती. गुरुजींचं उत्तर एका ओळीचं आलं होतं.

‘लोकांना घेऊन ये. मग बघू.’

भट्टीमागचा तो ढीग गुरुजींचाच. भट्टीतून निघालेलं जे मनास येत नसे, ते गुरुजी तिथं आणून फोडत. कारण सांगत नसत. ऋजुताची सहा वर्षं त्या ढिगात पडली होती.

त्यांनी फोडला नव्हता तो फक्त एक कप. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिनं केलेला, बिनझिलईचा, विटकरी रंगाचा. गुरुजींनी तो बराच वेळ हातात फिरवला आणि आपल्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी ऋजुतानं कराडला आईला फोन लावला होता, आणि बोलायला शब्दच फुटेनात म्हणून ठेवून दिला होता.

आज पाहुण्यांच्या चहाला गुरुजींनी तो कप फळीवरून काढला होता. चहा देताना तबकात तिनं तो ओळखला होता. पाटी मिळणार, असं तिनं त्याच क्षणी धरून टाकलं होतं.

ढिगावर चार तुकडे अगदी वर पडले होते. एकाच्या बुडाशी तिच्या अंगठ्याचा ठसा होता.

ती तुकडे ओढणीत घेऊन परत आली.

“अण्णा, मी बसमध्ये काय सांगितलं होतं?”

“दोन हातांनी धरायचा. धरला. फोटो काढायचा न्हाई. काढला न्हाई. किंमत इचारायची न्हाई. न्हाई इचारली.”

“आणि फोडायचा नाही, हे सांगावं लागतं का?”

अण्णांनी आठवून पाहिलं. “ते न्हाई सांगितलंस तू.”

मागं कोणीतरी हसलं.

“अगं, एवढा डोंगर पडलाय तिथं,” मिराशीबाई म्हणाल्या. त्या सांगलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सहलीत कोणाचंही भांडण मिटवणं हा आपला हक्क समजणाऱ्या. “त्यातच एक आणखी.”

“त्यातला नव्हता तो, बाई.”

“मी रेल्वेत होतो, ताई,” अण्णा समजुतीनं सांगू लागले. “भुसावळला, गार्ड. मालगाडी घेऊन इटारसीला जायचो. तिकडं मातीच्या कपात चहा मिळायचा. प्यायचा आन् फोडायचा. आपलं उष्टं दुसऱ्यानं का प्यावं? काचेचं धुता येतं. मातीचं कितीबी धुवा, उष्टं ते उष्टंच. आन् ह्यांनी तर ढीगच मांडून ठिवलाय. मला वाटलं, हितं पन तीच रीत.”

“ही रीत नाही, माज आहे,” ऋजुता म्हणाली. “वापरायचं आणि फेकायचं. आपल्याकडचा कुंभार यानंच मेला.”

“आँ? उलट हाय की ते. रोज फुटतात म्हणून तर त्याचं चाक फिरतं.”

ऋजुता अधिकच भडकली.

“चला,” ती म्हणाली. “गुरुजींच्या पुढं चला.”

गुरुजी आतल्या चटईवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. नखांत माती. शेजारी शेगडीवर लोखंडी किटली.

ऋजुतानं तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि कपाळ चटईला टेकवलं. ती त्यांना सेन्सेई म्हणे. म्हणजे गुरुजीच.

“सेन्सेई, माझ्या माणसांकडून अपराध झाला.”

गुरुजींनी तुकडे पाहिले.

“त्यानं का फोडला, विचार,” ते अण्णांकडं बघत म्हणाले.

अण्णा गुडघे सांभाळत मांडी घालून बसले होते. प्रश्न कळताच त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. भुसावळ, इटारसी, थंडीतले दिवस, उष्टं, ढीग. नेम कसा धरला तेही हात उंचावून दाखवलं.

ऋजुता गुरुजींकडं वळली आणि जपानीत म्हणाली, “तो माफी मागतो आहे.”

गुरुजींनी अण्णांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“तुमची भाषा फार ऐसपैस आहे,” ते म्हणाले.

ऋजुताचे कान तापले. मग तिनं सगळं सांगितलं. ‘उष्टं’ सांगायला तिला चार वाक्यं लागली.

गुरुजी ऐकत राहिले.

“म्हणजे पुढच्या माणसासाठी फोडला.”

“अडाणीपणानं फोडला, सेन्सेई.”

“तेही असेल... चहा कसा लागला, विचार त्याला.”

“चहा?” अण्णा जरा घुटमळले. “काढाच म्हणायचा. दूध न्हाई, साखर न्हाई. पन ऊन होता, बरं वाटलं. कपाचं मात्र... खरं सांगू का, ताई?”

“सांगा.”

“हाताला झ्याक होता. चटका न्हाई. पन आत तळाला कायतरी खाच हाय. शेवटचा घोट तिथंच अडकतो. मान मागं टाकली, कप झटकला, तरी यीना. म्हंटलं, ऱ्हाऊ दे तिच्यायला.”

अण्णांनी चटकन जीभ चावली आणि गुरुजींकडं बघून हात जोडले.

“काय म्हणाला?” गुरुजींनी विचारलं.

“चहा आवडला, म्हणतो.”

गुरुजींनी तिच्यावरची नजर काढली नाही.

“आत खाच आहे, म्हणतो,” ऋजुता चटईकडं बघत म्हणाली. “शेवटचा घोट बाहेर येत नाही.”

गुरुजींनी बुडाचा तुकडा उचलला. आतून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच थांबला.

मग ते हसले. सहा वर्षांत ऋजुतानं त्यांना असं मोठ्यानं हसताना दोनदाच ऐकलं होतं.

“इतकी वर्षं याच्यावरची धूळ मी पुसली,” ते म्हणाले. “मला हे कळलं नाही.”

“तुम्ही तो जपून ठेवला होता, सेन्सेई.”

“फोडावा की ठेवावा, ते ठरत नव्हतं. म्हणून फळीवर होता.”

इतकी वर्षं ऋजुता ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती गुरुजींनी एखादं सुकलेलं पान बाजूला करावं तशी बाजूला केली होती. आणि ती केली होती कोणाच्या सांगण्यावरून? उताणं तोंड करून कप झटकणाऱ्या एका मालगाडीच्या गार्डाच्या.

दाराशी मिराशीबाई आणि बाकीची मंडळी जमली होती. कोणाला काही कळत नव्हतं, पण हलत कोणीच नव्हतं. बाईंच्या हाती कोपऱ्यातलं एक वाडगं लागलं होतं आणि त्या ते कानाशी नेऊन टिचकी मारून बघत होत्या. टण्. पुन्हा टण्.

तो आवाज ऋजुताच्या डोक्यात गेला.

“सेन्सेई, ऐका,” ती म्हणाली. गुरुजींपुढं तिनं आवाज कधी चढवला नव्हता. “मला पाटी हवी आहे ती यांच्यासाठीच. माझ्या शाळेत लोक येतात ते असेच. चपला घालून चाकापाशी येतात. माठ घ्यायला आल्यासारखी टिचकी मारतात. सहा महिने राबून केलेल्या भांड्याकडं बघून विचारतात, यात तुळस लावता येईल का. मी इथं सहा वर्षं माती मळली. हाताची सालं गेली. ते त्यांच्या गावीही नाही. आपल्याकडं कशालाच मान नाही, सेन्सेई. हाताला नाही, मातीला नाही. मी परत गेले ते हे बदलायला.”

गुरुजी किटलीकडं बघत होते.

“तुमची अक्षरं दारावर असली की असली माणसं बाहेरच थांबतील. आत येतील ती वाकून येतील.”

“तुझ्या भांड्यांतून तिकडं चहा कोण पितं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली. “ती कपाटात आहेत. काचेच्या. हात लागू नये म्हणून.”

“काय बोलतीय हो ही एवढं?” अण्णांनी मिराशीबाईंना हळूच विचारलं.

“तुमच्यावर रागावलीय.”

“मग मराठीत रागव म्हणावं. मला पन कळू दे की.”

गुरुजी उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आतल्या खोलीत गेले आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन आले. ते त्यांनी ऋजुतासमोर ठेवलं.

“सोड.”

तिनं कापड सोडलं.

हातभर लांब, चांगल्या लाकडाची फळी होती. लाकडाचा वास खोलीभर पसरला. फळीवर गुरुजींच्या कुंचल्यानं, काळ्याभोर शाईत, तिच्या शाळेचं नाव होतं. कोपऱ्यात त्यांचा लाल शिक्का. सकाळीच लिहिलं असावं. शाई वरवर वाळली होती, पण पाणी लागलं तर विरघळली असती.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलेलं पाणी आणि हे पाणी, दोन्ही एकत्र झाली. तिनं पुन्हा कपाळ टेकवलं.

“मी हिला शोभेन असंच वागेन, सेन्सेई. हिच्याखालून कोणालाही असंतसं आत येऊ देणार नाही.”

गुरुजींनी मान डोलावली. मग अण्णांकडं बोट दाखवलं.

“शेवटचा घोट आत राहिला, म्हणाला ना तो?”

“हो.”

“म्हणजे त्याचा चहा व्हायचाय अजून.”

त्यांनी दाराशी ठेवलेले कप हात करून मागवले. मिराशीबाईंनी टिचकी मारायचं वाडगं खाली ठेवून ते आत आणून दिले. गुरुजींनी पाटी स्वतःकडं ओढली. अक्षरं वर होती. नुकते विसळलेले, बुडाशी ओले कप त्यांनी एकेक करून तिच्यावर मांडायला सुरुवात केली.

पहिला कप पहिल्या अक्षरावर बसला.

ऋजुताला वाटलं, लक्षात आलं नसेल. वय झालंय.

दुसरा. तिसरा.

“सेन्सेई...”

चौथा. पाचवा. कपांखालची शाई हलली. एका कपाच्या बुडाभोवती काळं वर्तुळ फुटलं आणि लाकडाच्या रेषेवरून पुढं सरकू लागलं.

“सेन्सेई, शाई कच्ची आहे.”

गुरुजी मांडतच होते. एक कप कमी पडला तेव्हा त्यांनी स्वतःचा कप रिकामा केला, विसळला आणि लाल शिक्क्यावर ठेवला. मग किटली उचलली.

चहा ओतताना थेंब सांडत होते. जिथं सांडत होते तिथं तिच्या शाळेचं नाव विरघळत होतं.

अण्णा पुढं सरकले. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. “ताई,” ते म्हणाले, “नगं मला चहा. सांग त्यांना. त्ये पुसायलंय बघ.”

ऋजुतानं ते भाषांतर करून सांगितलं नाही. गुरुजींनीही विचारलं नाही.

तिनं दोन्ही हात पुढं केले. पाटी ओढून घ्यावी, कप लवंडले तर लवंडू देत. हात हवेत तसेच राहिले. चौदा कपांतून वाफ वर येत होती. दाराशी माणसं उभी होती, तिच्याच मुलखातली, तिच्याकडंच बघत.

“अक्षरं जातील, सेन्सेई,” ती म्हणाली.

गुरुजींनी शेवटचा कप काठोकाठ भरला. किटली खाली ठेवली.

“चहा गार होतोय.”