धोंडाईची सातवी गाठ

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता आणि तापाला थर्मामीटर नव्हता तेव्हा, कुंभारकोंड गावात अंताजी वैद्य राहत होते. नाडीवर बोट ठेवलं की माणसाने परवा काय खाल्लं ते त्यांना कळायचं, असं म्हणतात. माझ्या मुलाने आत्ता काय तोंडात घातलं ते मला कळत नाही, तेव्हा मी यावर वाद घालत नाही.

अंताजींचं पथ्य कडक. जे बंद करायचं त्याची एकेक गाठ ते सुतळीला मारत आणि सुतळी रोग्याच्या खाटेला बांधत. गाठ मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्याच गावात धोंडाई होती. म्हातारी, पाय सुजलेले, चार पावलांत दम लागायचा. तरी रोज सकाळी साठ पायऱ्या उतरून ती डोहातल्या माशांना चुरमुरे घालायची. त्यांत एक काणा मासा होता, वासराएवढा, असं म्हणतात.

"पोरापेक्षा माझा काण्या बरा. हाक मारली की येतो," ती म्हणायची.

"मग पाय चेपायलाही त्यालाच बोलवा," सून कुशी तिचे पाय चेपता चेपता म्हणायची.

अंताजींनी मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, अशा सहा गाठी मारल्या. धोंडाई प्रत्येक गाठीला हूं म्हणाली. सातव्या गाठीला मात्र तिने त्यांचा हात धरला.

"पायऱ्या नका हो तोडू, वैद्यबुवा. बाकी सगळं न्या."

"पायऱ्या चढलात तर वर्ष काढाल. नाही चढलात तर चार. माझा शब्द."

आणि गाठ बसली.

शब्द खरा झाला. गावोगावचे लोक धोंडाईला बघायला येऊ लागले, अंताजींचं नाव झालं. धोंडाई खाटेवर. आधी आल्यागेल्याला काण्याची खुशाली विचारायची, मग विचारेनाशी झाली. चौथ्या वर्षी अंताजी नाडी बघून खूश झाले.

"बघा, जगवलं की नाही?"

"जगवलंत," ती म्हणाली. "कशासाठी, तेवढं विचारायचं राहिलं."

त्या दिवशी अंताजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डोली आणि चार गडी घेऊन आले, सातवी गाठ सोडायला बसले. नखांनी ओढली, दातांनी ओढली. सुतळी लोखंडाची झाली होती. "राहू दे गाठ, उचला," म्हणत त्यांनी धोंडाईचा हात धरला, तर तिची नाडी थांबलेली होती.

मग ते एकटेच चुरमुरे घेऊन साठ पायऱ्या उतरले. मासे वर आले. त्यांनी अंताजींच्या पाठीमागे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि सगळे खाली गेले. चुरमुरे तसेच तरंगत राहिले. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी अंताजींनी धोंडाईच्या खाटेची सुतळीच डोहात सोडली. काण्याने ती तोंडात धरून नेली. दुसऱ्या सकाळी सुतळी शेवटच्या पायरीवर पडलेली मिळाली. सहा गाठी जशाच्या तशा, सातवी सुटलेली.

त्यानंतर अंताजी नाडी बघण्याआधी कोरी सुतळी रोग्याच्याच हातात देत. "पहिली गाठ तुमची. काय तोडायचं नाही ते आधी सांगा."

आजही कुंभारकोंडला म्हाताऱ्या माणसाचं दुखणं लांबलं की खाटेला कोरी सुतळी येते. उपकेंद्रातली सिस्टरसुद्धा गोळ्या काढण्याआधी विचारते, "आजोबा, पहिली गाठ कसली?" कुणी म्हणतं ओट्यावरची संध्याकाळ, कुणी म्हणतं एक विडी. सिस्टर तोंड वाकडं करते, पण ती गाठ सोडत नाही.

मग घरातलं कुणीतरी धोंडाईच्या नावाने डोहात मूठभर चुरमुरे टाकून येतं. मासे येतात, खातात. काण्या पुन्हा कुणाला दिसला नाही. तरी मूठ रिकामी झाल्यावर माणूस शेवटच्या पायरीवर थोडा वेळ उभा राहतो.