उष्ट्या ताटाचा हुकूम

इनामदार सर्जेराव टापटिपीचे मोठे भोक्ते, पण आयुष्यात त्यांनी पेला कधी विसळला नव्हता. एकदा त्यांना मोरीत खरकटी वाटी दिसली. भांडी घासणाऱ्या तुळसाक्काला त्यांनी समोर उभं केलं.

“भांडं उष्टं झालं की त्याच क्षणी घासायचं. एकदा जरी चुकलीस, तरी या दारात पुन्हा दिसू नकोस.”

झालं. कुणी घोटभर पाणी प्यालं, की तुळसाक्का मोरीत. राखेनं तिच्या बोटांना भेगा पडल्या. स्वतः दोन घास खायची सवड मिळेना.

पाचव्या दिवशी इनामदार पाहुण्यांसोबत जेवायला बसले. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, तोच तुळसाक्कानं त्यांचं ताट उचलून मोरी गाठली. दुसरं ताट वाढलं. पुन्हा एक घास, पुन्हा ताट मोरीत. पाहुण्यांचे हात जागीच थांबले. इनामदारांचे डोळे लाल झाले.

“तुळसे, माझ्या पुढ्यातलं ताट उचलतेस?”

“सरकार, पहिला घास घेतला की ताट उष्टं होतं. ते त्याच क्षणी घासायचं, हा हुकूम आपलाच.”

“अगं, मग मी जेवायचं कधी?”

“तेच विचारायचं होतं, सरकार. चार दिवस मीही तोच विचार करतेय.”

इनामदारांची नजर तिच्या भेगाळलेल्या बोटांवर गेली. मग इनामदार मान खाली घालून म्हणाले, “सगळ्यांची जेवणं झाली की भांडी एकदाच घास. आणि आधी तू जेव. भांडी काय पळून जातात?”