निवडक गुंडूतात्या

"पण तात्या, बारातलं एक तरी डावं हाय का? हाय का, सांगा की!"

हिंदुरावने हे तिसऱ्यांदा विचारलं. गुंडूतात्यांनी पानाचा देठ खुडला, चुना लावला, पान दुमडलं आणि तोंडात टाकलं. तोंडात पान असलेल्या माणसाला कोणी उत्तर मागत नाही, हे त्यांना पन्नास वर्षांच्या गाण्यात चांगलं कळलं होतं.

हिंदुराव मात्र मागत होता.

"एक तरी?"

"हं..." तात्या म्हणाले.

या 'हं'चा अर्थ काय घ्यायचा, ते हिंदुरावला कळेना. त्याने मांडीवरची लांबलचक वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

आता ही भानगड काय होती, ते आधी सांगितलं पाहिजे.

शाहीर गुंडूतात्या कुंभार हे पन्हाळ्याच्या अंगाला असलेल्या पंचवीस-तीस गावांचं लाडकं माणूस. बारसं असो, जत्रा असो, नव्या विहिरीला पाणी लागलेलं असो, तात्यांचा डफ वाजल्याशिवाय त्या गोष्टीला गोडी यायची नाही. कोल्हापुरातल्या एका कंपनीला हे उशिरा का होईना कळलं. कंपनीचे रेडेकरसाहेब गाडी घेऊन दारात आले आणि म्हणाले, तात्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा एक अल्बम काढू. बारा गाणी. नाव 'निवडक गुंडूतात्या'.

"बाराच का?" सोनाकाकींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, विचारलं होतं.

"बाराच बसतात," रेडेकरसाहेब म्हणाले होते.

तात्यांनी काही घासाघीस केली नाही. त्यांनी हिंदुरावकडे बोट दाखवलं. "ह्यो माझी गाणी निवडंल." आणि साहेबांची गाडी वळणाआड गेल्यावर हिंदुरावला जवळ बोलावून म्हणाले, "नीट निवडून दाव लेका. नीट निवडलीस, तर डफ तुझा."

हे ऐकून हिंदुरावच्या पायाखाली जमीन उरली नाही. आनंदाने उरली नाही, बरं का.

कारण नऊ वर्षं तो तात्यांच्या मागे झीलकरी म्हणून उभा होता. तात्यांनी पुढून ओळ टाकायची आणि ह्याने मागून कानावर हात ठेवून 'जी जी रं जी' ओढायचं. नऊ वर्षं नुसतं जी जी. स्वतःच्या लग्नात भटजींनी नवरीचं नाव विचारलं तेव्हाही ह्याच्या तोंडून 'जी जी' गेलं, असं गावात सांगतात. खोटं असेल. पण सांगतात.

आवाज त्याचा खणखणीत होता. एम.ए. झालेला होता. तात्यांची झाडून सगळी गाणी त्याला पाठ होती. फक्त भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला तो डफ हातात घेऊन एकदा पुढे उभं राहायचं राहिलं होतं. रात्री-अपरात्री नाही, दिवसाढवळ्या, जेवताना, बैल धुताना, त्याला तेच दिसायचं.

मग काय! त्याने वही आणली. दोनशे चौदा गाणी लिहून काढली. प्रत्येकापुढे चार रकाने आखले : शब्द, चाल, ठेका, आवाज. पंचवीस-पंचवीस गुण. महिनाभर घासून माप घेतलं आणि नव्वदच्या वर गेलेली बारा गाणी काढली. आज संध्याकाळी पाचच्या आत ती यादी फोनवरून रेडेकरसाहेबांना सांगायची होती. उद्या साहेब गावात येणार, सगळ्यांसमोर अल्बमची घोषणा होणार आणि मग गावजेवण.

त्या जेवणाचा तांदूळ अंगणात होता. चार पोती. सोनाकाकी आणि गल्लीतल्या सात-आठ बायका सुपं, पराती घेऊन निवडायला बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध स्पीकर ठेवून हिंदुरावने ती बारा गाणी एका ओळीने लावली होती. आत्ताच बारावं संपलं होतं.

तात्यांनी उठून कोपऱ्यात पिंक टाकली. आता तरी काही बोलतील म्हणून हिंदुराव सरसावून बसला.

"अगं, तांदूळ किती झाला?" तात्यांनी काकींना विचारलं.

"कुठला वं! घंटाभर एकीचा हात हलला न्हाई. ह्याची गाणी चालली हुती न्हवं."

हिंदुराव ताडकन उठला.

"बघा! बघा तात्या! ह्येला म्हणत्यात गाणं. हात थांबलं बायकांचं! पारूवैनी तर रडत हुत्या. रडत हुता का न्हाई वैनी?"

पारूवहिनींनी पदराने नाक पुसलं. "रडत हुते बाबा. तात्यांचा आवाज म्हंजे काय... काळजात हात घालतोय."

"बघा!"

"व्हय," तात्या म्हणाले. "थांबलं खरं हात."

हिंदुरावला वाटलं, झालं. आता तात्या उठतील, खुंटीपाशी जातील.

तात्या जागचे हलले नाहीत.

"उद्या चारशे पान उठायचं हाय," सोनाकाकी म्हणाल्या, "थांबून कसं भागंल?" त्यांनी सूप पुढे ओढलं, मान खाली घातली आणि गुणगुणायला सुरुवात केली.

शेळी माझी गेली कुठं, गेली कुठं गं...

दुसरी बाई हसली. तिचाही हात परातीत गेला.

तिच्या मागं सासू गेली, बरं झालं गं!

अंगणभर खसखस पिकली. आणि सुपं हलायला लागली. एक हात तांदूळ पसरतोय, दुसरा खडा टिपतोय, सूप झटकलं की रिकामं, की पुन्हा भरलं. पारूवहिनी मघाशी रडत होत्या, त्या आता सगळ्यांत मोठ्याने गात होत्या.

हिंदुरावने कपाळाला आठ्या घातल्या. "काकी, त्ये काढलंय."

"कशातनं?"

"यादीतनं."

"बरं," काकी म्हणाल्या आणि पुढचं कडवं धरलं.

तात्या पोट धरून हसत होते. पन्नास वर्षांपूर्वी हरवलेली शेळी शोधता शोधता त्यांनीच ते गाणं जुळवलं होतं.

"ह्येला किती गुण दिलंस रं?"

"अकरा."

"कितीपैकी?"

"शंभरपैकी."

"अकरा? लई दिलंस की!"

"तात्या, हसू नगासा. यमक न्हाई, ठेका मधीच लंगडतोय, नुसतं गं ला गं. तुमच्या नावावर त्ये जगभर जायाचं म्हंजे..."

"मग माझी गाणी तू निवडलीस."

"निवडली."

"कशी निवडलीस?"

"एक नंबरची तेवढी बारा बाजूला काढली."

"हं..." तात्यांनी अंगणाकडे पाहिलं. "आणि काकी काय करतीया?"

"तांदूळ निवडतीया."

"विचार तिला, काय काय बाजूला काढलं."

हिंदुरावला विचारायची गरज पडली नाही. काकींनी डावी मूठ उघडून पुढे केली. तळहातावर पाच खडे होते, एक काळं बी आणि एक तुसासकट राहिलेला भाताचा दाणा.

हिंदुरावने मुठीकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. मग पुन्हा मुठीकडे.

...



"म्हंजे..." त्याचा आवाज खाली गेला. "म्हंजे माझी बारा गाणी खडं हायत?"

"तुझी कवा झाली? माझी हायत ती."

"तुमची खडं हायत?"

"असं कोण म्हणालं?"

"मग बाकीची? ती दोनशे दोन?"

तात्यांनी मांडवाखाली घासूनपुसून पालथं घातलेल्या भल्यामोठ्या पातेल्याकडे पाहिलं.

"ती शिजत्यात," ते म्हणाले.

हिंदुरावला काही उमजलं नाही. उलट त्याला मनापासून वाईट वाटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि एम.ए. झालेल्या माणसाच्या डोळ्यांत गल्लीतल्या बायकांसमोर पाणी यावं, ह्याचं आणखी वाईट वाटलं.

"तात्या, नऊ वर्सं तुमच्या मागं उभा हाय मी. एक जत्रा चुकवली न्हाई. अंगात ताप हुता तरी उभा ऱ्हायलो. तुमच्या नावाला उणं येऊ ने म्हणून महिनाभर जीव आटवला. चुकलं असंल तर चुकलं म्हणा. पर असं... अर्धं-अर्धं बोलू नगासा."

ह्या पोरावर तात्यांचा जीव होता, आणि तो त्या वेळी त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होता.

ते उठले. धोतर झटकलं. सोप्यात गेले आणि खुंटीवरचा डफ काढला.

बायकांची सुपं थांबली.

हिंदुरावने चपला काढल्या. हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले. दोन्ही तळवे पुढे केले. त्याला आईची आठवण झाली, ती असती तर आज ह्या अंगणात बसली असती.

तात्या डफ घेऊन पायऱ्या उतरले, पुढे केलेल्या हातांसमोरून गेले आणि पोत्यापाशी थांबले.

"सूप शिल्लक हाय का एकांदं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," काकी म्हणाल्या. "परात बी न्हाई."

"मग?"

असं म्हणून तात्यांनी डफ उताणा केला आणि दोन ओंजळी तांदूळ त्यात ओतला.

"अवं!" काकी किंचाळल्याच. "डफ हाय त्यो! खंडेनवमीला पुजता न्हवं त्येला?"

"तांदूळ कोरडा हाय," तात्या म्हणाले.

त्यांनी तो भरलेला डफ हिंदुरावच्या पुढे केलेल्या हातांवर ठेवला.

"घे. निवड."

...

बायकांनी सरकून जागा केली. हिंदुराव मटकन खाली बसला. नऊ वर्षं ज्याच्याकडे पाहत आला, तो डफ त्याच्या मांडीवर होता आणि त्यात उद्याचा भात होता. हसावं की रडावं, ते त्याला कळेना. तात्या वेडे झालेत की आपण, तेही कळेना. पण तात्यांनी निवड म्हटलं होतं, आणि तात्यांचा शब्द त्याने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

त्याने तांदूळ बोटांनी पसरला. एक खडा दिसला. उचलला. कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर शेजारी वही उघडी पडली होती. तिच्यावर टाकला.

दुसरा दिसला. तोही वहीवर.

मग सगळ्या बायका करतात तसा त्याने डफाला एक झटका दिला.

खर्रर्र... धम्!

सगळं अंगण दचकलं. हिंदुरावही दचकला. तांदळाचा दाणा न् दाणा त्या ताणलेल्या कातड्यावर नाचून खाली बसला होता.

त्याने पुन्हा झटका दिला. मुद्दामच दिला.

खर्रर्र... धम्!

"आता गं बया!" पारूवहिनी टाळी देऊन हसल्या आणि त्याच ठोक्यावर त्यांनी ओळ फेकली.

शेळी माझी गेली कुठं, गेली कुठं गं...

आणि हिंदुरावच्या तोंडून, त्याने ठरवलेलं नसताना, नऊ वर्षांची सवय बाहेर पडली.

"जी जी रं जी!"

बायका हसून हसून सुपांवर लवल्या. "अगं, झीलकरी गावला!" "वढ बाबा, वढ!" पुढची ओळ आली, त्याने पुन्हा ओढलं. खडा टिपायचा, वहीवर टाकायचा, झटका द्यायचा, ओढायचं. ठेका मधेच लंगडत होता. जिथे लंगडत होता, तिथेच खडा टिपायला बरोबर एवढीशी उसंत मिळत होती. हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकटाच मोठ्याने हसला. किती तरी महिन्यांत तो असा हसला नव्हता.

शेळीचं गाणं संपलं, तसं विहिरीचं निघालं. त्याला वहीत एकोणीस गुण होते. मग जावयाचं निघालं. त्याचे गुण आता दिसत नव्हते, कारण त्या पानावर खड्यांचा ढीग झाला होता. तिसरं पोतं रिकामं झालं, ते कोणाला कळलंही नाही.

मधे एकदा बायका दमून थांबल्या. तेव्हा हिंदुरावने स्वतःच एक ओळ टाकली. मघाच्या बारांपैकी, पहिल्या नंबरची. मान खाली, बोटं तांदळात, आवाज मोकळा. पारूवहिनींचे डोळे पुन्हा भरले. पण ह्या खेपेला त्यांचा हात थांबला नाही, आणि झील सगळ्या बायकांनी मिळून ओढली.

सोप्यात बसलेल्या तात्यांनी डोळे मिटून मान हलवली.

पाच वाजले आणि पायरीवर ठेवलेला हिंदुरावचा फोन वाजायला लागला. रेडेकरसाहेब. हिंदुरावचे दोन्ही हात डफात होते. त्याने मान वर करून तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी फोन उचलला. पलीकडचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"यादी व्हय?" ते म्हणाले. "दम धरा साहेब. हिंदुराव आत्ता कुठं निवडाय बसलाय."